हिरवे कण

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी कांद्याच्या पाकळीचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पसरला आणि त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी स्वतःच्याच गालाच्या आतल्या पेशी लावून ठेवल्या होत्या. म्हातारा परीक्षक आजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कसा निसटतो, तेच त्यांना बघायचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाने त्यांना नापास केलं होतं. कांद्याची पेशी वनस्पतीची म्हटल्यावर हा विचारतो, "हिरवे कण कुठायत?" त्यांनी पेशीभित्तिका दाखवली, तरी ऐकेना. अहो, मातीत वाढणाऱ्या कांद्यात कसले आलेत हिरवे कण! घरच्यांनी शिक्षण थांबवलं, आणि जिथे शिकवायचं होतं तिथेच बाई काचपट्ट्या धुवायला लागल्या. आज तो पुन्हा तेच विचारणार, एखाद्या मुलीचे गुण कापणार, आणि त्या पाठ्यपुस्तक घेऊन थेट प्राचार्यांकडे जाणार. चांगली जिरवायची होती त्याची.

पहिली मुलगी आली. दोन्हीकडे डोळा लावून म्हणाली, "केंद्रक दोन्हींत आहे, सर. पण ही प्राण्याची, कडा वेड्यावाकड्या. आणि ही वनस्पतीची. हिला भित्तिका आहे, विटा रचल्यासारखी."

"हिरवे कण कुठायत?" परीक्षकाने विचारलं.

बाईंचा हात पुस्तकावर गेला.

"कांद्याच्या पापुद्र्यात नसतात, सर."

"शाबास!" म्हणत त्याने पूर्ण गुण दिले.

बाईंचा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि मेला नेमका आजच शहाणा झाला.

मुलगी गेल्यावर तो हसत म्हणाला, "एकदा ह्याच प्रश्नावर मी एका मुलीला नापास केलं होतं, बाई. आठवड्याने पुस्तक उघडलं, तेव्हा चूक कळली."

"मग गुण वाढवलेत?"

"छे हो! निकाल लागायचा होता अजून, पण माझंच हसं झालं असतं. आता कोण विचारतंय?"

बाई दारातल्या दुसऱ्या मुलीला म्हणाल्या, "पाच मिनिटं थांब गं." मग दार लोटून घेतलं आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"आत्ता बोललात ते सगळं लिहून द्या," त्या म्हणाल्या. "तिचा परीक्षा क्रमांक मी सांगते."