फीचरिंग सदाशिव वझलवार

"शेतकरी बांधवांनो," सदाशिव म्हणाला आणि एक बोट वर करून थांबला.

काचेपलीकडे सलील थांबला. इंद्रजीत थांबला. बोट काही खाली येईना.

"काका, काहून थांबले? बोला ना समोर," इंद्रजीत म्हणाला.

"येऊ दे ना पह्यले."

"काय?"

"आवाज. वापस."

दिग्रसच्या कापूस बाजारात सदाशिव वझलवार ऐन तारुण्यापासून माइकवरून सूचना देत होता. आवाराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत भोंगे आणि पलीकडे जिनिंग कारखान्याची पत्र्याची उंच भिंत. सोडलेलं वाक्य त्या पत्र्यावर आपटून परत आलं की मगच पुढचं सोडायचं. नाहीतर दोन्ही वाक्यं हवेतच एकमेकांच्या उरावर बसत. ही सवय घरापर्यंत आली होती. घरीही तो "कुंदा" म्हणून बोट वर करी, आणि ते खाली येईस्तोवर कुंदाबाई तव्यावरची पोळी उलटून घेत.

सलीलच्या स्टुडिओत आवाज परत यायची सोय नव्हती. सलील म्हणजे कुंदाबाईंचा भाचा. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या ऑफिसात त्याने चारी भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. बोंडअळीच्या त्या साली दिग्रसात कापसाला मिळालेलं हेच काय ते मानाचं काम.

इंद्रजीत जवळच्या तांड्यावरचा. बी.ए. झालेला, त्यामुळे रिकामा. तो वऱ्हाडीत आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत रॅप करी, आणि त्याचा पहिला अल्बम इथे होत होता: 'खरेदी बंद'. ठेका हैदराबादच्या एका माणसाने फोनवर पाठवला होता. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. एका गाण्यात इंद्रजीतची आजी रुपीबाई होती. ती एकदाच गायली आणि "आता मशीनले पाठ झालं असंन" म्हणत उठून गेली. राहिला सदाशिव. त्याची एकच सूचना हवी होती, पण लगेच हवी होती. मंगळवारी नागपूरला त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. तंबाखूचा खर्रा किती वर्षं खाता, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सदाशिवने आधी तोंडातला थुंकून मग उत्तर दिलं होतं.

"गळ्यातून काढायच्या आधी कुठंतरी नीट ठेवून दे रे," कुंदाबाई भाच्याला म्हणाल्या होत्या. दागिन्याबद्दल बोलावं तसं.

"मावशी, इथं यायले बोलणं नाही जमत," सलील आता दाराशी बसलेल्या कुंदाबाईंना म्हणाला.

"मग बाजारात चला. माइकच्या खोलीची चावी यायच्याच खिशात असते."

रविवार होता, आवार रिकामं होतं. सदाशिवने माइकवर फुंकर मारली, तसे सगळे भोंगे खाकरले.

"शेतकरी बांधवांनो." बोट वर. पत्र्यावरून बांधव परत आले. "आजपासून कापूस खरेदी बंद राहील." बोट वर. राहील, राहील, म्हणत तेही आलं.

सलीलने अंगठा दाखवला.

सोमवारच्या बाजारासाठी फाटकाबाहेर गाड्या रविवारी सकाळपासूनच लागतात. सदाशिवला हे नेहमीचंच, म्हणूनच त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पहिला नंबर फुलसावंगीच्या धनसिंगचा होता. त्याने ट्रॅक्टर सुरू केला. मागच्याने बैल जुंपले. खरं की खोटं, विचारायलाही कोणी आत आलं नाही. त्या भोंग्यातून खोटं कधी निघालं नव्हतं, आणि वाईट बातमी तर एकदाही चुकली नव्हती.

इंद्रजीत धावत सुटला. "भाऊ, थांबा. गाणं व्हय ते."

"असं गाणं असते काय?" धनसिंग म्हणाला. "वझलवारबाबू बोलून राह्यले ना." आणि तो ट्रॅक्टर वळवू लागला.

इंद्रजीत परत आला. "काका, तुमीच सांगा. माह्यं कोणी ऐकत नाही."

सदाशिव पाणी प्यायला. घोट उतरायला वेळ लागला.

"शेतकरी बांधवांनो." थांबला. "मघाशी सांगितलं, ते चुकीचं होतं." थांबला. उभ्या नोकरीत हे वाक्य त्याला कधी म्हणावं लागलं नव्हतं. परत आलं तेव्हा त्याने ते नीट ऐकून घेतलं. "उद्या खरेदी आहे. जाऊ नका."

'नका' मध्येच फाटलं. पत्र्याने ते फाटकंच परत दिलं. बाहेर धनसिंगने इंजिन बंद केलं. सलीलचं मशीन चालूच होतं.

अल्बम उन्हाळ्यात यूट्यूबवर आला. हैदराबादच्या माणसाचं नाव त्यात चुकलं होतं. त्याने तक्रार केली नाही, त्यामुळे तो आहे की नाही हा संशय कायम राहिला. इंद्रजीत फोन आणि हेडफोन घेऊन वझलवारांकडे आला. सदाशिव खुर्चीत बसला होता, गळ्याला पांढरी पट्टी.

"काका, नाव पाहा तुमचं. शेवटच्या गाण्यात. फीचरिंग."

सदाशिवने चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली.

"ते बंदचंच घेतलं ना?" कुंदाबाईंनी आतून विचारलं.

"नाही काकू. दुसरं घेतलं."

"काहून? पह्यलं बरं नव्हतं काय?"

"बरं होतं. पण ते तर सगळेच सांगून राह्यले."

त्याने हेडफोन सदाशिवच्या कानांवर चढवले आणि बटण दाबलं.

कुंदाबाई चहा घेऊन आल्या. थंड करून देऊ का, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि सदाशिवचं बोट वर गेलं. त्या कप धरून उभ्या राहिल्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण पत्र्यावरून यायला किती वेळ लागतो, ते त्यांना ठाऊक होतं. तेवढा वेळ त्या थांबल्या. मग बोट खाली आलं, आणि त्यांनी कप टेबलावर ठेवला.