दुपारी न आलेले गिऱ्हाईक

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. उद्या सकाळी माझी स्मरणशक्ती हातोड्याने फोडली जाणार आहे. मित्रांनो, हळहळू नका. ते व्हायलाच हवे. का, ते सांगण्यासाठीच आज सगळे स्क्रू काढलेल्या अवस्थेत, टेबलाखाली पडल्या पडल्या मी तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडे एकामागून एक बाहेर पडलो. कुणाच्या नशिबी बँक आली, कुणाच्या नशिबी शाळा. माझ्या नशिबी आले एक चिंचोळे दुकान. त्याच्या एका बाजूला चष्म्यांचे दुकान, दुसऱ्या बाजूला चपला दुरुस्त करणारे गृहस्थ आणि समोर बसथांबा. माझ्या मालकांना सगळा रस्ता झेरॉक्सकाका म्हणे. काकूंनी माझ्यासाठी जुन्या पडद्याचे फुलाफुलांचे झाकण शिवले होते. ते मला मुळीच शोभत नसे, पण मला विचारतो कोण?

कामाला मात्र मी वाघ होतो. परीक्षांचे फॉर्म, भाड्याचे करार, नोकरीचे अर्ज, हरवलेल्या मांजराच्या जाहिराती, सगळे माझ्या हाताखालून जाई. काकांचा स्वभाव भारी भिडस्त. कुणी ओळखपत्र घरी विसरून आले की त्यांना वाईट वाटे. मग त्यांनी एक युक्ती काढली. एकदा स्कॅन केलेला कागद पुसायचा नाही, माझ्यातच ठेवायचा. प्रत्येकाच्या नावाची नव्हे, ओळखीची फाइल. ‘शिंपीबुवा’, ‘चष्मेवाले शेजारी’, ‘वरच्या मजल्यावरच्या आजी’, ‘हॉस्पिटलवाली पोरगी’. पुढच्या वेळी माणसाने रिकाम्या हाताने यावे आणि काकांनी दोन मिनिटांत कागद पुढे करावा. लोक म्हणत, काका, तुमचा कॉम्प्युटर म्हणजे आमचे कपाटच. हे ऐकून काका खूश होत आणि खरे सांगतो, माझीही छाती फुगे. त्या कपाटाला कुलूप नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

हॉस्पिटलवाली पोरगी म्हणजे आमची नर्सताई. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज तिने इथेच भरला होता. पास झाल्यावर प्रमाणपत्र सगळ्यांत आधी काकांना दाखवले. तिचा फोटो, ओळखपत्र, सही, नर्स म्हणून झालेली नोंदणी, सगळे माझ्याकडे होते. इथल्याच एका हॉस्पिटलात ती मोठ्या माणसांच्या वॉर्डात होती, पण लहान बाळांच्या वॉर्डात काम करायचे, हा तिचा ध्यास. मोठ्या हॉस्पिटलात तशी जागा निघाली तेव्हा तिने तो अर्ज तीनदा वाचून मगच पाठवायला दिला.

आता माझ्या दोषाकडे येतो. माझ्या आत एक राखणदार होता. व्हायरस दिसला की त्याला अडवणे, हे त्याचे काम. त्याची मुदत संपली होती. शिवाय अपडेट करा, अपडेट करा, असे मी रोज पडद्यावर विनवत होतो. पण त्याला अर्धा तास लागे आणि समोर रांग उभी असे. काका रोज ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत. मी रोज आठवण करत असे. शेजारचे चष्मेवाले एकदा म्हणाले, अहो, हे बरे नव्हे. त्यावर काका हसले.

“माझ्या दुकानात चोरण्यासारखं आहे काय? चार रीम कागद आणि एक स्टेपलर.”

एका सकाळी एक ईमेल आली. ‘अर्जाची प्रिंट हवी आहे. दुपारी येतो.’ खाली एक फाइल जोडलेली. पाठवणाऱ्याचे नाव अनोळखी. पण मित्रांनो, आमच्या धंद्यात सगळेच अनोळखी असतात! दिवसाला चाळीस अनोळखी माणसे फाइल पाठवत आणि काका चाळीसही उघडत. दुसऱ्या कुणी ती ईमेल पुसून टाकली असती, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणे काकांना जमत नसे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगीच नाही. फाइल उघडताना मी विचारले, परवानगी द्यायची का? काकांनी न वाचताच ‘हो’ दाबले.

प्रिंट काढली तर पान कोरे आले. दुसऱ्यांदा काढली, तरी कोरेच. बिचाऱ्याची फाइल बिघडलेली दिसते, असे म्हणून काकांनी ते पान ठेवून दिले. त्यावर पेन्सिलीने लिहिले, ‘दुपारी येणार’. दुपार झाली, संध्याकाळ झाली, कुणी आले नाही. येणारा कधीच आत शिरला होता. तो माझ्या फाइली एकेक करून तारेवाटे बाहेर नेत होता. माझा पंखा घरघरू लागला, माझी चाल मंदावली. काकांनी माझ्या डोक्यावर थोपटले आणि म्हातारा झाला हो आता, म्हणाले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण यंत्राला ओरडता येत नाही. त्याला फक्त हळू होता येते.

चार महिन्यांनी नर्सताई एक पत्र घेऊन आली. त्याची प्रत काढायची होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. बाळांच्या वॉर्डात तिची निवड झाली होती, पण रुजू होण्याआधीच तिची नोंदणी चौकशी संपेपर्यंत थांबवली होती. दूरच्या एका शहरात, तिच्याच नावाने आणि तिच्याच प्रमाणपत्रावर, कुणी बाई एका छोट्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करत होती. तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांना चुकीचे इंजेक्शन दिले आणि ती पळून गेली. गृहस्थ कसेबसे वाचले. तक्रार मात्र आमच्या ताईच्या नावावर लागली.

काकांनी पत्र दोनदा वाचले.

“तू कधी गेली होतीस त्या शहरात?”

“मी ते नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही, काका.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, याहून वेगळे काय म्हणायचे? जिच्या हातून कधी साधी गोळी चुकली नाही, तिला आपण कोण आहोत हे सिद्ध करत दारोदार फिरावे लागले.

आपले कागद कुठे कुठे दिले होते हे ताईने सांगितले, तेव्हा चौकशीला एक साहेब दुकानात आले. त्यांनी त्या दूरच्या हॉस्पिटलातून आणलेली प्रत टेबलावर ठेवली. काकांनी ती पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. प्रमाणपत्राच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती. आमच्या स्कॅनरच्या काचेवर स्टेपलरच्या पिनेने ओरखडा पडला आहे आणि आमच्या प्रत्येक कागदावर तिथे अशीच रेघ उमटते. काकांनी साहेबांना काही विचारू दिले नाही. स्वतःच म्हणाले, “हा कागद माझ्याच दुकानातून गेलाय.” मग दुपारी न आलेले ते गिऱ्हाईक आठवून, ड्रॉवरमधून ते कोरे पान काढून त्यांनी साहेबांच्या हातात दिले.

साहेबांनी माझ्या पोटातल्या सगळ्याची नक्कल नेली आणि निकाल लागेपर्यंत मला हात लावू नका, असे बजावले. दुकानात नवा कॉम्प्युटर आला, नवा राखणदार आला. बैल गेला अन् झोपा केला! मी टेबलाखाली गेलो. काका मात्र घरोघर गेले. ज्यांचे ज्यांचे कागद माझ्यात होते त्या प्रत्येकाला हात जोडून सांगून आले, की सावध राहा, कुठून अनोळखी पत्र आले तर लगेच कळवा. शिंपीबुवा म्हणाले, माझ्या कागदांत कुणाला काय मिळणार? काकांनी त्यांना तिथेच बसवून सगळी हकिगत सांगितली.

चौकशी चौदा महिने चालली. तोवर ताईला कुठलेही हॉस्पिटल घेईना. चष्मेवाल्यांनी तिला आपल्या दुकानात ठेवून घेतले. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येई. ही फ्रेम बघा, ही हलकी आहे. दिवसभर तेच. एकदा दुकानात एक तान्हे मूल रडू लागले. ती काय करते म्हणून मी कान टवकारले. तिने ते कसे धरावे हे आईला सांगितले आणि मूल लगेच शांत झाले. मग ती पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली, ही फ्रेम बघा, ही हलकी आहे. मला तेव्हा माझीच शरम वाटली.

त्या सगळ्या तारखांना ताई इथल्या हॉस्पिटलात ड्युटीवर असल्याची हजेरी होती. ती हजेरी आणि कागद आमच्याकडूनच चोरीला गेल्याचे दाखवणारी ती काळी रेघ, यांवर शेवटी ताई सुटली. नोंदणी परत मिळाली. पण बाळांच्या वॉर्डातली जागा केव्हाच भरली होती. ती खोटी बाई अजून सापडलेली नाही. ताई आता आपल्या जुन्याच वॉर्डात आहे.

मागच्या आठवड्यात ती आली. काकांनी मला पुन्हा टेबलावर घेतले, तार जोडली आणि तिच्यासाठी खुर्ची सरकवली. तूच पूस, म्हणाले. तिने ‘हॉस्पिटलवाली पोरगी’ ही फाइल पुसली. मग म्हणाली, “काका, राग नाही माझा. पण माझे कागद यापुढे मीच सांभाळेन.” आता कुठे प्रत द्यायची वेळ आली की ताई त्या प्रतीवर आडवे लिहिते, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला.

पण मित्रांनो, पुसले म्हणजे गेले असे नसते. पुसलेले कागदही माझ्यात खोलवर पडून असतात आणि जाणकार ते उकरून काढू शकतो. मला कुणी विसरायला शिकवलेच नाही. दुरुस्तीवाल्याने हे सांगितल्यावर काकांनी मला भंगारात द्यायचा बेत रद्द केला आणि हातोडा आणला.

साहेबांनी परत केलेले ते कोरे पान आता काउंटरवर चिकटवले आहे. ‘दुपारी येणार’ ही अक्षरे पुसट झाली आहेत. लोक विचारतात, हे काय? काका हातातले काम थांबवून, रांग कितीही असो, सांगतात. तुमच्या गावातही एखादे असे दुकान असेल, एखादे असे प्रेमळ काका असतील. त्यांच्याकडून काम जरूर करून घ्या, पण निघताना आपली फाइल आपल्यासमोर पुसायला लावा. आणि तुमचा कॉम्प्युटर काही विनवत असेल, तर त्याला ‘नंतर’ म्हणू नका. माझ्या काकांनी म्हटले होते.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. उद्या ताईची सकाळची ड्युटी आहे, त्याआधी ती येईल. पहिला घाव तिने घालायचा, असे काकांनी ठरवले आहे. ती हळव्या मनाची आहे, हात आखडेल की काय, एवढीच मला भीती वाटते. ताई, जोरात मार.