गॉडफ्रेच्या नावावरचा टेम्पो

“चपला घालून चढली बघ मासळीच्या गाडीत,” लूर्डस सुनेच्या कानाशी पुटपुटली. “उद्या त्याच फळीवर टोपल्या ठेवायच्या आपन. हिला कोन सांगनार?”

“आय, हळू.”

“हळूच बोलते. मोठ्यानं बोलले असते तर एव्हाना उतरली असती.”

टेम्पोवरून काढलेली निळी ताडपत्री घडी घालून झाली होती, तरी ज्युलियानाने ती मोडून पुन्हा घातली. टेम्पोच्या हौद्यात विमा कंपनीने पाठवलेली सर्व्हेअर, हेतल, वाकून मोबाइलवर फोटो काढत होती. तिशीच्या आतली मुलगी, पाठीवर सॅक, केसांना प्लास्टिकचा चाप. विम्याचा माणूस म्हणजे मिशीवाला, पोट सुटलेला, असं लूर्डसने धरून ठेवलं होतं. तसल्याला किलोभर सुके बोंबील बांधून दिले की त्याचं लिहिणं मऊ पडतं, असाही तिचा अनुभव होता. या मुलीने आल्या आल्या विचारलं होतं, “आजी, इथे खूप वास येतो ना?” तेव्हाच लूर्डसने बोंबलांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

टेम्पो आठवडाभर वसईच्या पाचूबंदरात, गल्लीच्या टोकाला, घर आणि बोंबील सुकवायचे बांबू यांच्या मधल्या जागेत तिरका उभा होता. सुकी मासळी घेऊन ज्युलियाना पहाटे सोपाऱ्याच्या बाजाराला निघाली होती. गासच्या वळणावर समोरून डंपर अंगावर आला. तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि टेम्पो मिठागराच्या चरात कलंडला. तिच्या भुवईवर तीन टाके पडले. टेम्पोची डावी बाजू आत गेली, काच गेली, खालचा दांडा वाकला. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून लूर्डसने त्याला विचारलं होतं की नवीन टेम्पो देतोस का.

विम्याचे पैसे आले तर टेम्पो उभा राहणार होता. नाही आले तर डोक्यावर टोपली, आणि ज्युलियानाची मान आता टोपलीची राहिली नव्हती.

हेतल खाली उतरली. सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून तिने पेन्सिल घासली. कागदावर एकेक आकडा उमटत गेला तसा लूर्डसचा राग जरा कमी झाला. ही मुलगी हाताने काम करत होती.

“फर्स्ट पार्टी आहे, बरं झालं,” हेतल म्हणाली. “बरेच लोक नुसती थर्ड पार्टी काढतात.”

“म्हंजे काय?” लूर्डसने विचारलं.

“म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर त्याला पैसे मिळतात. आपल्या गाडीचं काहीच नाही.”

“दुसऱ्याचं भरतात आनि आपलं नाय? हा विमा हाय की शेजारधर्म?”

हेतल हसली. “कायद्याने तेवढी लागतेच, आजी. नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्याकडे दोन्ही आहे. पण सगळं नाही मिळणार. बंपर, दिवे, प्लास्टिकचं जे जे आहे त्याचे निम्मेच. रबराचं तसंच. पत्र्याचे गाडीच्या वयाप्रमाणे कापतात.”

“निम्मं का? आपटलं तर पूर्ण ना?”

“आय,” ज्युलियाना म्हणाली.

बांबूंच्या पलीकडे सावलीत आग्नेल उभा होता. तो पापडीचा, ज्युलियानाच्या नवऱ्याचा, गॉडफ्रेचा, शाळेतला दोस्त, आणि विम्याचा एजंट. वसईत कोणाची स्कूटर कधी घेतली आणि विमा कधी संपतो हे त्याला कॅलेंडर न बघता सांगता यायचं. आता तो पुढे आला. “मॅडम, नो क्लेम बघितलं ना? पूर्ण पन्नास टक्के सूट. सहा वर्षांत एक क्लेम नाही.”

“हो, बघितलं.” हेतलने कागद उलटला. “गॉडफ्रे यांचा रेकॉर्ड एकदम क्लीन आहे. सांभाळून चालवतात वाटतं.”

ज्युलियानाने ताडपत्री खाली ठेवली.

गॉडफ्रे चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, मासेमारी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात दर्यावर गेला होता. परत आला नाही. गावाला हे ठाऊक होतं. विमा कंपनीला नव्हतं. दरवर्षी मुदत संपायच्या आधी त्याच्या मोबाइलवर मेसेज यायचा, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी यायचा, आणि ज्युलियाना तो आकडा आग्नेलला वाचून दाखवायची. म्हणून त्याचा नंबर ती रिचार्ज करत राहिली. फोन खिडकीत चार्जरला लावलेला असायचा. लूर्डसला वाटायचं तो वेगळ्या कारणासाठी चालू आहे. रोज झोपण्यापूर्वी ती त्याची काच पदराने पुसायची. ज्युलियानाने तिला ओटीपीचं कधी सांगितलं नाही.

त्यातल्या पहिल्या वर्षी हप्त्यात पस्तीस टक्के सूट होती. मग पंचेचाळीस, मग पन्नास. सोबत अभिनंदन असायचं, सुरक्षित चालक म्हणून. गेल्यापासून गॉडफ्रे दरवर्षी अधिक चांगला ड्रायव्हर होत गेला होता. जिवंतपणी त्याने पापडीच्या नाक्यावर दोनदा रिक्षाला ठोकलं होतं आणि दोन्ही वेळा भांडून मिटवलं होतं.

“आता फॉर्म,” हेतल म्हणाली. “गाडी चालवत होतात तुम्ही, लायसन्स तुमचं बरोबर आहे. काही प्रॉब्लेम नाही. मालकाची सही इथे आणि इथे. आहेत ना घरी?”

“बोटीवर गेलाय,” आग्नेल लगेच म्हणाला. काल रात्री त्याने दोघींना हेच पढवलं होतं. दर्यावर गेलाय म्हणायचं, त्यात खोटं कुठे आहे, वहिनी?

हेतलने मान वर केली. “बोटीवर?”

“हां. पंधरा दिवस तरी लागतील. रेंज नसते तिकडे. फॉर्म ठेवून जा, मी सही घेऊन पोचवतो.”

“सर, बंदी चालू आहे ना?” हेतल म्हणाली. “येताना बघितलं मी. सगळ्या बोटी वर ओढून झाकून ठेवल्यात.”

आग्नेलच्या घरी पिढ्यान् पिढ्या केळी आणि वाल पिकत आले होते. जून-जुलैत दर्या बंद असतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते वेळेवर आठवलं नाही, एवढंच. पाचूबंदरच्या चार वर्षांच्या पोरानेही ही चूक केली नसती. लूर्डसने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला.

“इकडच्या नाही,” तो म्हणाला. “गुजरातच्या बोटीवर.”

“माझे मामा वेरावळला असतात. तिकडे पण बंद आहे.”

“मग… दुरुस्तीच्या कामाला असेल. मला नक्की नाही सांगता येणार.”

“चालेल. व्हिडिओ कॉल लावा. एक मिनिट चेहरा दिसला तरी मला पुरे.”

घरात खिडकीत फोन होता. ज्युलियानाला तो उभ्या जागेवरून दिसत होता. नंबर लावला असता तर तो वाजलाही असता.

“द्या फॉर्म इकडे,” ती म्हणाली.

तिने पेन घेतलं. गॉडफ्रेची सही तिला येत होती. आठवडाभर तिने ती जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून बघितली होती. ‘जी’ मोठा, त्याच्या पोटात एक गाठ, शेवटी खाली ओढलेली रेघ. चौथ्या दिवशी हात बसला आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तिने टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवला.

“ताई,” हेतल हळू म्हणाली, “माझ्यासमोर नका करू. मला मग ते बघितलं असं लिहायला लागेल.”

पेन थांबलं. निब टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका पडला.

“मी काही पोलिस नाही,” हेतल म्हणाली. “मला रिपोर्टमध्ये एक ओळ लिहायची आहे. मालक कुठे आहे. बस.”

ज्युलियानाने पेनला टोपण लावलं. मग तिने सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. बोट उलटली, पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद आहे, नोंदीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलाय. वकील म्हणाला, सात वर्षं थांबा, मग माणूस गेला असं कायदा आपोआप धरतो. नाहीतर आत्ता कोर्टात जा, पण मग घरच्यांनी उभं राहून शपथेवर सांगायला लागेल.

“आणि?”

“आयला ते जमलं नाही.” ज्युलियानाने सासूकडे न बघता म्हटलं. “मलाही कुठे जमलं.”

हेतलने बॉनेटवरचा फॉर्म उचलला. “विमा म्हणजे कंपनीचा आणि मालकाचा करार असतो, ताई. मालक आहेत तर सही द्या. मालक नाहीत तर दाखला द्या. बेपत्ता लिहिलं तर फाइल तिथेच थांबते. त्यासाठी रकानाच नाही.”

“दाखला असता तर?”

“तर गाडी तेव्हाच तुमच्या नावावर झाली असती. पॉलिसी पण. नो क्लेम सुद्धा बायकोला मिळतं, ते कुठे जात नाही. आज मी फोटो काढून निघाले असते.”

ज्युलियानाने आग्नेलकडे पाहिलं. तो चपलेच्या टोकाने वाळूत रेघ ओढत होता.

“हे तुला ठाऊक होतं?”

“वहिनी, ठाऊक होतं… पण कसं काढणार विषय? मावशीसमोर? मी म्हटलं चाललंय तर चालू दे.”

“चार वर्षं हप्ता घेतलास.”

“कमिशन किती मिळतं त्यात, मला विचार.”

“नाही विचारत,” ज्युलियाना म्हणाली. “चहाचे होत असतील.”

लूर्डस मघापासून बांबूच्या खांबाला धरून उभी होती आणि एकदाही पुटपुटली नव्हती. ज्युलियानाला ते गप्प राहणं पाठीवर जाणवत होतं. या घरात एक वाक्य कोणी पूर्ण करत नसे. शेजारीण आली की ‘गॉडफ्रे असताना’ म्हणायची आणि जीभ चावायची. फादर मिस्साच्या वेळी त्याचं नाव मृतांत घ्यायचं की प्रवाशांत, हे न विचारता प्रवाशांत घ्यायचे.

“पण काहीतरी मार्ग निघेल कदाचित,” हेतल म्हणाली. तिला निघवत नव्हतं. “बोटीवर किती जण होते?”

“चौघं,” आग्नेल म्हणाला.

“आणि बाकीचे?”

“दोघं पोहून आले. एक रानगावच्या किनाऱ्याला सापडला, दुसऱ्या दिवशी.” तो थांबला, आणि मग कोणी विचारलं नसताना म्हणाला, “नवव्या दिवशी कळंबला एक वाहून आला होता. मावशीला मीच घेऊन गेलो होतो स्कूटरवर, वहिनी तापाने फणफणली होती. तो आपला नव्हता. वादळात वरच्या बाजूच्या बोटीही गेल्या होत्या त्या वेळी. सातपाटीच्या, डहाणूच्या. त्यांच्यातला असेल कोणी.”

“त्याला मग कोणी नेलं?”

“कोणी नाही आलं.”

हेतलने नकळत बोटांवर मोजलं. दोन. तीन. चौथ्या बोटावर अंगठा टेकला आणि तिथेच राहिला. तिने हात सॅकच्या पट्ट्यामागे लपवला. तो हिशेब ज्युलियानाने किती वेळा केला होता, तिचं तिला ठाऊक. करायची आणि मग वरच्या बाजूच्या बोटी आठवायची.

“मी बेपत्ताच लिहिते,” हेतल घाईने म्हणाली. “साहेबांशी बोलते. पुढचं पुढे.”

“थांब गे, पोरी.”

लूर्डस खांब सोडून आली. टेम्पोच्या पुढे लाकडी ओंडका होता, चाक सरकू नये म्हणून उटी लावलेला. ती त्यावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि हेतलच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

“बेपत्ता लिहू नको.”

“मावशी,” आग्नेल म्हणाला, “उगाच आता…”

“तू गप. तू बाहेर उभा होतास, नाकाला रुमाल लावून. तू काय बघितलंस?”

ज्युलियाना सासूसमोर खाली वाळूत बसली. तिला विचारायचं काहीच नव्हतं. तिने लूर्डसचा पाय धरला, पडणाऱ्याला धरावं तसा.

लूर्डसने सुनेकडे पाहिलं नाही. ती त्या परक्या मुलीलाच सांगत होती, सावकाश, लिहून घेता येईल असं.

“तोंड नव्हतं राहिलं. पन शर्ट होता. वरून दुसरं बटन मी शिवलेलं, घरात दोरा नव्हता म्हनून जाळ्याच्या दोऱ्यानं. हवालदारानं तीनदा विचारलं, बाई, तुमचा हाय का. मी तीनदा नाय बोलले.” तिने श्वास घेतला. “कळंबला पुरलेला हाय तो. माजा गॉडफ्रे मेला. लिही.”