जुळी कालवड

हिंदी मुलखातल्या समथरची मंडळी मोठ स्टेशनहून सकाळच्या गाडीने मला पाहायला निघणार होती, आणि मी नेमकी बाहेरची. दुसरा दिवस. "तार करा, पुढे ढकला," मी म्हटलं. आई म्हणाली, "तीन स्थळं गेलीत, इंदू. न्हाऊन घे आणि तोंड बंद ठेव." सोवळ्याओवळ्यासाठी घर डोक्यावर घेणारी माझी आई! तिनेच पोह्यांच्या बशा माझ्या हाती दिल्या.

मुलाचे वडील आबासाहेब आणि आई कमलिनीबाई पोहे खात होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदाचे उठा आणि जा, असं झालं होतं.

आबासाहेबांना अंगणातली कालवड दिसली. "जनावर चांगलं आहे. गाभण कशी नाही?"

झालं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, पण विलायती मासिकं वाचून स्वतःला प्रोफेसर समजायचे. "ही खोंडाची जुळी बहीण," ते रंगात आले. "गाईच्या पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. खोंडाचं हार्मोन बहिणीच्या रक्तात उतरतं आणि तिचं अंडाशय धड वाढतच नाही. दहांतल्या नऊ अशा वांझ निघतात."

कमलिनीबाईंचा घास हातातच राहिला. दारात उभ्या माझ्या भावाकडे, दिवाकरकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. "ये दोनों भी तो जुळेच ना, मार्तंडराव?"

बाबांचा चेहरा उतरला. "छे हो, माणसांत तसं होत नाही. भावाबहिणीचं रक्त वेगळंच राहतं." पण आता कोण ऐकतंय? आबासाहेबांनी टोपी उचलली. दिवाकर मान खाली घालून उभा, जणू पोटातच त्याने माझं काही हिसकावून घेतलं होतं. ती मान पाहून माझं डोकं फिरलं. पुरावा माझ्यापाशी होता आणि तोच सांगायची चोरी.

"काकू, मला दर महिन्याला कावळा शिवतो," मी म्हणाले. "आजही शिवलाय. दुसरा दिवस आहे."

आईने भिंत धरली.

"और इन्हीं हाथों से खिलाया?" कमलिनीबाई तोंडावर पदर धरून मोरीकडे धावल्या. चूळ भरून झाली तशी दोघं तडक स्टेशनवर गेली. परतीच्या गाडीला दोन तास होते.

मला रडू कोसळलं. दिवाकरने शेजारी बसून माझा हात हातात घेतला.

"शिवू नकोस तिला," आई म्हणाली, "ती बाहेरची आहे."

दिवाकरने हात सोडला नाही.