बरणीतलं घड्याळ

सासऱ्यानं दिलेलं घड्याळ जन्मभर चालू राहिलंच पाहिजे, असा काही सरकारी कायदा नाही. पण हे आमच्या सासऱ्यांना सांगणार कोण? अकलूजच्या महिपतरावांनी लग्नात भर मांडवात माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि शेवटच्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं, "नवं कोरं हाय! थेट मुंबईवरनं मागिवलंय!" तेव्हापासून सोलापूरला आले की दर अर्ध्या तासानं विचारतात, "जावईबापू, किती वाजलं?" त्यांच्या स्वतःच्या हातात घड्याळ असतं, बरं का! वेळ नको असते त्यांना, तपासणी करायची असते.

तर हे मामा आज संध्याकाळी येणार होते आणि घड्याळ चार दिवस बंद होतं.

का बंद होतं ते सांगतो, पण हसायचं नाही. मथुरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वडलांसाठी शेंगाचटणी कुटून बरणीत भरून ठेवली होती. "हात लावाल तर बघा," असं बजावलं होतं. असं बजावल्यावर माणूस हात लावणार नाही तर काय करणार? ती नळावर गेली आणि मी बरणीत मनगटापर्यंत हात घातला. बरणीचं तोंड अरुंद. हात बाहेर आला, घड्याळ आतच राहिलं. ते उकरून काढलं, चटणी वरून सारखी केली, मिशी पुसली. घड्याळानं मात्र तोवर राम म्हटला होता.

आमच्या गल्लीजवळचे दोन्ही घड्याळवाले मथुराला वहिनी म्हणतात. त्यामुळं गिरणीच्या हापिसातून अर्धी रजा टाकून मी पार बाळीवेशीपलीकडच्या एका बोळात मडिवाळप्पांच्या दुकानी गेलो. तिथं आपल्याला कोण ओळखतंय?

दुकान एवढंसं. भिंतीवर अकरा घड्याळं आणि अकरा वेगवेगळ्या वेळा. मडिवाळप्पांच्या कपाळावर विभूती, डोळ्याला भिंग, आणि मिशी अशी की चिमणीनं घरटं करावं.

"कशानं बंद पडलं?"

"पावसात भिजलं."

"सोलापुरात? मार्चमदी?" त्यांनी भिंग काढून माझ्याकडं पाहिलं. "खरं सांगा की. आमच्याकडं झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं लिवून ठेवायची रीत हाय. तारीख, मालकाचं नाव आन कारण. वडलांपासनं चालत आलंय. आजाराचं कारण न्हाय लिवलं तर पुढच्या वैद्यानं काय करायचं?"

"पावसात," मी ठासून म्हणालो. चटणी असं कोरून ठेवू देणार होतो काय मी?

मडिवाळप्पांनी झाकण काढलं, एक स्क्रू सोडवून चिमट्यात धरला आणि डोळा अगदी जवळ नेला. मग त्यांचं नाक हललं. मग मिशी हलली.

"अय्यो शिवने!" एवढंच म्हणाले आणि असे शिंकले की अकरांतली दोन बंद घड्याळं चालू झाली. चिमट्यातला स्क्रू गायब!

"तुमच्या पावसात," डोळे पुसत ते म्हणाले, "लसूण बी पडतोय वाटतं?"

मग मी सगळं कबूल केलं. बरणी, हात, सासरे, सगळं. त्यांनी शांतपणे झाकण पेट्रोलनं पुसलं, कोरायला सुई उचलली आणि थांबले.

"हितं आधीच एक लिवलंय की. आमच्या वडलांचं अक्षर. नोड्री, बघा!"

मी भिंगातून पाहिलं. बारीक अक्षरं होती. "१९५१. महिपती, अकलूज. ताक."

नवं कोरं! थेट मुंबईवरनं! अहो, हे घड्याळ माझ्या लग्नाच्या बावीस वर्षं आधी ताकात बुडून आलं होतं! माझी भीती एका क्षणात पळाली. येऊ देत आता मामांना. "किती वाजलं" म्हणाले की सांगणार, "ताक वाजलं!"

फक्त स्क्रू सापडायला हवा होता. मी खाली वाकून टेबलाखाली शिरलो आणि चाचपडत राहिलो. तेवढ्यात माझ्या नाकासमोर ओळखीच्या वहाणा येऊन थांबल्या. वर उसाच्या दोन कांड्या. त्याच्याही वर महिपतराव.

"लौकरची यष्टी घावली, मडिवाळप्पा. म्हनलं, तुमच्या वडलांपासनची वळख, तुमाला ऊस देऊन मग लेकीकडं जावं," असं म्हणता म्हणता त्यांची नजर खाली आली. "जावईबापू? हितं काय रांगताय?"

मी उठून उभा राहिलो. झाकण आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

मामांनी वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा मोठा माणूस, स्टुलावर अंग चोरून बसला.

"मला माज्या सासऱ्यानं दिल्यालं," ते हळू म्हणाले. "सासुरवाडीला डेऱ्यात हात घातला, आन पडलं."

"ताक प्यायला?"

"लोनी," मामा आणखी हळू म्हणाले. "म्हाताऱ्याला सांगितलं, नदीत पडलं. तो गेला, खरं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. माजं लई आवडीचं घड्याळ हे. म्हनून तुमाला दिलं. पर शंभर मान्सांम्होरं जुनं कसं म्हनू? आन तुमी नीट ठिवताय का, ह्येची सारखी धास्ती. म्हनून इचारायचो."

माझ्या ओठावर आलेलं ताक मी गिळून टाकलं. लाज वाटली, खरंच सांगतो. "मामा, माझं चटणीत पडलं. तुमच्या चटणीत."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मडिवाळप्पांकडं बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या मिशीत काय चमाकतंय?"

स्क्रू!

तासाभरात घड्याळ चालू झालं. झाकणात ताकाच्या खाली चटणी कोरली गेली. "पट्ट्याची एक पिन नव्हती, नवी घातली," मडिवाळप्पा म्हणाले. "जुनी कुटं गेली?" मला कुठं माहीत?

रात्री मथुरानं वडलांना भाकरी वाढली आणि बरणीतली चटणी अगदी तळापासून काढून वाढली. पहिल्याच घासाला मामांच्या दाताखाली कटकन वाजलं. माझा घास हातातच राहिला.

"अप्पा, खडा लागला का?"

मामांनी दाताखालचं बोटांनी काढलं, दिव्याकडं धरून बघितलं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

"व्हय गं, खडाच," ते म्हणाले. "वाढ अजून."