शेजारच्या सीटवर

देवदत्तला शेजारच्या सीटवर बसणं कधी जमलंच नाही. बसलाच तर त्याचा उजवा पाय समोरचं कार्पेट दाबत राही, जणू तिथेही एक ब्रेक आहे. रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात तो गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करत होता. वळणावर गाडी कशी कलते आणि कशी सावरते यावर तो चारचौघांत तासन् तास बोले. पण व्होनवागन, म्हणजे चाकांवरचं ते पांढरं घर, मोठ्या एसयूव्हीला जोडून ओढायचं तर जर्मनीत वेगळं लायसन्स लागतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. जोडलेली गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत तो दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा गेलाच नाही. मुक्ता मात्र पहिल्याच फटक्यात पास झाली. मित्रांना तो सांगे, "मीच म्हटलं, तू काढ लायसन्स. मला वेळ कुठाय?" मुक्ता हे ऐकून न ऐकल्यासारखं करी.

दोन हजार सातचा ऑगस्ट. पहिली सहल, कीमझे तळ्याच्या काठी. पुण्याहून देवदत्तची आई शैलाताई आल्या होत्या, आणि नऊ वर्षांच्या शमिकाला सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी देवदत्तने व्होनवागनच्या दांड्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून मोजमाप केलं होतं. त्या घराचं नाक गाडीच्या हुकावर नीट भार टाकून बसलं पाहिजे. नाक हलकं झालं की शेपूट डोलायला लागते. नाक बरोबर बसलं होतं. त्याला समाधान वाटलं.

सकाळी शमिकाने सायकलींसाठी भोकाड पसरलं. देवदत्तने दोन सायकली व्होनवागनच्या पाठीवर बांधल्या. शैलाताईंनी कणीक, तांदूळ, कुकर, लोणच्याच्या बरण्या सगळं मागच्या कपाटात नीट रचलं. पुन्हा वजन करायला हवं होतं. पण गाडी जोडून झाली होती, शेजारचं जोडपं कुंपणापाशी कौतुकाने बघत उभं होतं, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर आडवं पडून वजनकाटा सरकवायचं देवदत्तच्या जिवावर आलं.

"निघायचं?" मुक्ताने विचारलं.

"गेनाऊ, अगदी," तो म्हणाला. "चल."

ती ऐंशीच्या वर जाईना. ट्रक मागून येऊन पुढे निघून जात होते. देवदत्तचा पाय कार्पेटवर चालूच होता. त्याने आरसा बघितला, मान वळवून मागे बघितलं, पुन्हा आरसा बघितला.

"थोडी डावीकडे आहेस."

"आहे, मला कळतंय."

"नाही, नुसतं सांगितलं."

"देवा, अरे स्वस्थ बस ना जरा," मागून शैलाताई म्हणाल्या. "लहानपणीही असाच. पंगतीत बसला की मांडी हलवायचा."

बिअरमध्ये पडणाऱ्या हॉपच्या वेलींचे उंच मांडव दोन्ही बाजूंना सुरू झाले आणि रस्ता लांबलचक उताराला लागला. मागून एक प्रवासी बस भरधाव आली आणि त्यांना घासून गेल्यासारखी पुढे गेली. त्या वाऱ्याच्या झोताने व्होनवागन आधी बसकडे ओढलं गेलं, मग उलट फेकलं गेलं. मुक्ताला वाटलं, आता थांबेल. थांबलं नाही. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. मागच्या घराने गाडीची शेपूट धरून तिला या लेनमधून त्या लेनमध्ये झुलवायला सुरुवात केली. शमिका किंचाळली. कपाटातून काहीतरी धडाधड कोसळल्याचा आवाज आला.

अशा वेळी काय करायचं ते देवदत्तला पाठ होतं. पाय गॅसवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, हेलकाव्याशी भांडायचं नाही, ब्रेक ठामपणे दाबायचा. मुक्ता तेच करत होती. आणि त्याच क्षणी त्याचा डावा हात पुढे गेला आणि त्याने स्टिअरिंग धरून ओढलं.

गाडी कठड्याकडे गेली. मुक्ताने त्याच्या हाताला कोपर असं हाणलं की हात डॅशबोर्डवर आदळला. तिने पुन्हा स्टिअरिंग सरळ केलं आणि ब्रेक दाबून धरला. मागच्या घराचे ब्रेक लागले, ते एकदा, दोनदा डोललं आणि मग सुतासारखं सरळ मागे येऊ लागलं. पुढच्या पार्किंगला तिने गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून गवतावर जाऊन बसली.

"वारूम, पापा?" शमिकाने हळूच विचारलं. का केलंत असं?

देवदत्तने पट्टा सोडला. तो उतरला. चाकांना ठोकळे लावून त्याने व्होनवागन गाडीपासून सोडवलं आणि दांडा उचलून पाहिला. एका हाताने वर आला. काल दोन्ही हातांनी जेमतेम उचलला होता. मागे लटकणाऱ्या सायकलींनी आणि आईच्या कपाटाने पुढचं सगळं वजन खाल्लं होतं.

तो मुक्ताजवळ गेला. ती गवताची पाती उपटत होती.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी परत मोजलं नाही. मागे वजन जास्त झालंय."

"ते कळलं मला."

"म्युनिकच्या आपल्या मित्राकडे, नागेशकडे, जुनं लायसन्स आहे, त्यावर हे ओढता येतं. त्याला फोन करतो. तो येऊन चालवेल."

"करू नकोस." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "आज इथे दुसरा कोणी बसला तर मी परत कधी बसणार नाही. वजनाचं आपण बघू, देव. ते हलवता येतं. पण तू हात घातलास."

"घाबरलो होतो गं."

"मी नव्हते घाबरले? मी एकीकडे ते घर धरत होते आणि दुसरीकडे तुला."

मग त्या दोघांनी सामान हलवलं. सायकली खाली काढून घराच्या आत, बरोबर चाकांच्या वर आडव्या बांधल्या. शैलाताई चादरीला लागलेलं चेनचं ग्रीस बघून हळहळल्या, पण तांदूळ आणि कुकर त्यांनी स्वतःच घराच्या नाकाशी असलेल्या पेटीत आणून ठेवले. एक बरणी फुटली होती. लोणच्याचा वास पार बाहेरपर्यंत येत होता. पुन्हा दांडा उचलला तेव्हा देवदत्तला दोन्ही हात लावावे लागले.

निघताना मुक्ता म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा."

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

देवदत्त मागे बसला. तिथून रस्त्याची एक पट्टी तेवढी दिसत होती. पाय दाबायला जागा नव्हती, गुडघे आईच्या सीटला टेकत होते. पुढे शैलाताई मुक्ताला त्यांच्या भिशीतल्या विभावरीबाईंच्या सुनेची गोष्ट सांगत होत्या, आणि मुक्ता मध्येच हसत होती. ती हसत होती याचंच त्याला आश्चर्य वाटलं, आणि थोडा रागही आला. संध्याकाळपर्यंत ते तळ्यावर पोचले.

आठवडा बरा गेला असं म्हणता येईल. शमिका सायकलवर गावभर हिंडली. देवदत्त मात्र रोज सकाळी उठून टायर दाबून बघे, हूक बघे, दांडा उचले, आणि मुक्ता ते खिडकीतून पाही. शेवटच्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "तू ट्रेनने ये."

"काय?"

"रागावून नाही म्हणत. मला मागच्या घराचं बघायचंय. गाडीत तुझ्याकडे बघत बसले तर त्याच्याकडे लक्ष राहत नाही."

"मग आई आणि शमिका माझ्याबरोबर येतील."

शैलाताईंनी कप खाली ठेवला. "मी मुक्ताबरोबर जाणार," त्या म्हणाल्या. शमिका आधीच गाडीत जाऊन बसली होती.

म्युनिकला ट्रेन बदलताना त्याने फोन केला. मुक्ता चालवत असताना फोन घेत नसे हे माहीत असूनही केला. रेगेन्सबर्गला उतरल्यावर पुन्हा केला. घरी येऊन त्याने खिडक्या उघडल्या, कुंड्यांना पाणी घातलं, कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याच्या हिशेबाने ते केव्हाच यायला हवे होते. रेडिओवरच्या ट्रॅफिकच्या बातम्यांत कुठेतरी अपघात होता, पण रस्त्याचा नंबर नीट ऐकू आला नाही. त्याने कपाटातून ड्रायव्हिंग स्कूलचा जुना पत्ता काढला, टेबलावर ठेवला, आणि पुन्हा खाली उतरला.

दिवस कलायला लागला तेव्हा कोपऱ्यावर त्यांची गाडी दिसली. मागचं घर गाडीच्या मागोमाग निमूट वळलं. मुक्ताने काच खाली केली. तिच्या बाहीवर चॉकलेटचा डाग होता आणि मागे शमिका झोपली होती.

"इतका उशीर? मी किती फोन केले!"

"कॉफी प्यायला थांबलो."

"कॉफीला एवढा वेळ?"

"दोन प्यायले," मुक्ता म्हणाली. "आईंनी आइस्क्रीम घेतलं. आता बाजूला हो, मला मागे घ्यायचीय."

तो बाजूला झाला. डावीकडे घे म्हणून सांगायला त्याचा हात वर गेला होता. तो त्याने खिशात घातला.