पंपघराची दुसरी पार्टी

दर रविवारी लोकांची घरं बघायला जायचं आणि त्यांना नावं ठेवून परत यायचं, याला छंद म्हणायचं की खोड, ते तुम्हीच ठरवा. वहिनी आणि तिची नणंद, या दोघींना मात्र ती जडली होती, आणि आता सुटेल अशी काही चिन्हं नव्हती.

घरं कुठली, तर विकायला काढलेली. त्यातही साधंसुधं घर यांना चालत नसे. हॉल, किचन, बेडरूम, संपलं, त्यात बघायचं काय? यांना हवं काहीतरी जगावेगळं, जुनं, ज्याला थोडाफार इतिहास आहे असं. जहाजावरच्या कप्तानाने बांधलेलं घर, ज्याच्या सगळ्या खिडक्या गोल. फोटोग्राफरचं घर, वर पूर्ण काचेचं छत, खाली माणूस उन्हाळ्यात भाजून निघेल. एका डॉक्टरांचं घर तर असं, की जिना ऐटीत वर चढतो आणि भिंतीला जाऊन आपटतो. पुढे खोलीच नाही! डॉक्टरांचा विचार बदलला म्हणे. वहिनी तिथे पायरीवर बसून पोट धरधरून हसली होती.

हे सुरू केलं वन्संनी. नणंदेला वहिनी लग्नापासून वन्संच म्हणायची, त्यामुळे आपणही तेच म्हणू. वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा थोरला भाऊ, गेला, त्यानंतर वहिनी घरात नुसती बसून असायची. मूलबाळ नव्हतं. पडदे शिवायचं तिचं काम, तेही बंद पडलेलं. वन्संनी लग्न केलं नव्हतं, जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून गेला, त्यामुळे आजारी माणसाचे लाड करायची सवय नव्हती. त्या एका रविवारी आल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. आपल्याच भिंतींकडे किती बघशील? चल, दुसऱ्यांच्या बघू."

तेव्हापासून जे सुरू झालं ते झालंच. हळूहळू वहिनीचं पडद्यांचं कामही पुन्हा सुरू झालं. आणि त्याची एक रीतही पडून गेली. घराच्या आत असेपर्यंत फक्त नावं ठेवायची. कौतुकाचा एक शब्द काढायचा नाही, कारण दलालाचे कान तेवढ्यासाठीच टवकारलेले असतात. मनापासून काही आवडलं असेल तर ते बाहेर पडल्यावर, कोपऱ्यावरच्या चहाच्या टेबलाशी. तिथे मग वहिनी खिडक्यांवर तासभर बोलायची, आणि वन्सं दारं, पायऱ्या, न्हाणीघरं यांच्यावर. दोघी अगदी रंगून जायच्या. शेवटी वन्संचं ठरलेलं वाक्य यायचं, "बघायला छान आहे गं. पण विकत घेणारा डोक्यावर पडलेला असला पाहिजे." की दोघी हसत सुटायच्या. गावातले जुने दलाल या दोघींना ओळखून होते. लांबून दिसल्या तरी त्यांना एकाएकी महत्त्वाचे फोन यायचे.

तर असं मजेत चाललं होतं आणि मध्येच माशी शिंकली. हिवाळ्यात वन्संचा गुडघा दुखावला, जिने चढणं जड झालं, आणि त्यांचा फ्लॅट नेमका वरच्या मजल्यावर. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी दुसऱ्या शहरात असते. भाची चांगली आहे, तिला नावं ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, आत्या, माझ्याकडे राहायला या. वन्संनी हो म्हटलं आणि येऊन वहिनीला सांगितलं. वहिनी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं बाई. सोय झाली तुमची."

दोरा काही तिला ओवता आला नाही. पण ते वन्संना कुठे दिसलं? त्या चहा पिऊन निघून गेल्या.

आता वहिनीचं म्हणणं असं, की आपण कोण त्यांना थांबवणार? त्या हयातभर कुणाच्या अध्यातमध्यात न येता राहिल्या. आता म्हातारपणी सख्ख्या भाचीकडे सुखाने राहायला मिळतंय, तर आपण मोडता घालायचा? म्हणून ही गप्प. रात्री कूस बदलत राहायचं, आणि सकाळी वन्संच्या सामानाच्या खोक्यांना दोरी बांधायला जायचं. शाबास!

आणि अशातच तिला पंपघर दिसलं. कालव्याजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे पडदे लावून ती परत येत होती, तर कुंपणावर पाटी, विकणे आहे. आत विटांची उंच इमारत, शेजारी धुराची जुनी चिमणी. एके काळी इथलं इंजिन कालव्याचं पाणी उपसून अर्ध्या गावाला पाजायचं. इंजिन कधीच भंगारात गेलं, पुढे कुणीतरी त्याचं घर केलं, मग तेही सोडून गेले. वहिनीने पाटीवरचा नंबर लावला. स्कूटरवरून एक नवखा दलाल आला. काहीही विचारलं की हा आधी "हो हो" म्हणायचा आणि मग उत्तर शोधायचा, म्हणून तिने मनातल्या मनात त्याचं नाव होहो ठेवलं.

दार उघडलं आणि वहिनीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. दुमजली उंचीचा एकच हॉल. छताखालून आडवी गेलेली लोखंडी तुळई, जिला लटकवून इंजिनाचे भाग उचलायचे. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरव्या फरश्या. आणि खिडक्या! कमानीच्या, जमिनीपासून वरपर्यंत, एकीकडे पाच. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवले, पण अशा खिडक्यांना पडदा लावणं हेच पाप वाटलं असतं. वर दोन खोल्या होत्या. आणि खाली, हॉलला लागूनच, पंप चालवणाऱ्याची छोटी खोली, उंबरठा नाही, पायरी नाही. ती खोली बघताक्षणी वहिनीला त्यात वन्संची खाट दिसली.

दोघींचे फ्लॅट विकले तर जमण्यासारखं होतं. हे तिने घरी जायच्या आधीच मनात पक्कं केलं होतं. पण बोलायचं कसं? इतकी वर्षं असल्या घरांच्या गिऱ्हाइकांना डोक्यावर पडलेले म्हणून हसल्यावर? शिवाय वन्संशिवाय एकटीने घर बघितलं, हीच केवढी चोरी!

दोन दिवसांनी ती पुन्हा एकदा जाऊन आली. तेव्हा होहो म्हणाला, "बघा हं, दुसरी एक पार्टी मागे लागलीये. बाई आहेत. फार कडक आहेत, पण त्यांना हवंय. सोमवारी पक्कं सांगते म्हणाल्यात." वहिनी म्हणाली, "मी रविवारी माझ्या नणंदेला घेऊन येते. पण मी आधी येऊन गेलेय हे बोललास तर याद राख." होहो म्हणाला, "हो हो."

तिचा बेत सोपा होता. वन्सं आत नावं ठेवतील, ते ठेवू देत. पण बाहेर चहाला बसल्यावर त्यांनी पंपघराचं जरासं जरी कौतुक केलं, तरी तिथेच विषय काढायचा. नाही केलं, तर सोडून द्यायचं. ती दुसरी बाई घेईल घर, आणि वन्सं जातील भाचीकडे.

रविवारी चार वाजता दोघी फाटकाशी रिक्षातून उतरल्या. होहो समोरच उभा होता. दोघींना एकत्र बघून त्याचा चेहरा असा काही झाला, की वहिनीला वाटलं, हा आता सगळं बोलून बसणार. तिने डोळे वटारले. त्याने रुमाल काढून मान पुसली आणि कुलूप उघडलं.

आणि वन्संनी जी सुरुवात केली! इतक्या घरांना नावं ठेवली असतील, पण असा सपाटा कधी लावला नव्हता. "हे घर आहे की गोदाम? इथे शिंकलं तर पाच वेळा ऐकू येईल. ओल बघ, गुडघ्यापर्यंत चढलीये. हा जिना माणसांसाठी आहे की माकडांसाठी? आणि स्वयंपाकघर बघ, अगदी आयत्या वेळी आठवल्यासारखं कोपऱ्यात कोंबलंय."

वहिनी मागून चालत होती. एरवी तिने चार नावं आपली जोडली असती. आज जीभच उचलेना. एकेक वाक्य तिला लागत होतं. तिला वाटलं, संपलं. हे घर यांना चहाच्या टेबलाशी काय, सात जन्मांत आवडायचं नाही.

पंपवाल्याच्या खोलीचं दार फुगलेलं होतं. पहिल्या दिवशी ते उघडताना वहिनी आणि होहो दोघांच्या नाकी नऊ आले होते. वन्संनी कडी धरून दार जरासं वर उचललं, कमरेने धक्का दिला, दार उघडलं. आत जाऊन त्या म्हणाल्या, "आणि ही खोली. सकाळी काय थोडं ऊन येईल तेवढंच. नंतर ते त्या चिमणीआड गेलं की दिवसभर अंधार."

वहिनी जागीच थांबली.

"वन्सं, तुम्हाला काय माहीत?"

"काय काय माहीत?"

"सकाळचं ऊन चिमणीआड जातं ते. आत्ता दुपारचे चार वाजलेत."

हॉस्पिटलात भल्या भल्या डॉक्टरांना गप्प करणारी बाई, कान लाल करून भिंतीकडे बघत राहिली.

होहो हळूच म्हणाला, "मी जरा स्कूटर सावलीत लावून येतो."

"थांब!" दोघी एकदम ओरडल्या. हॉलमधून ते खरंच पाच वेळा ऐकू आलं.

"ती कडक बाई कोण?" वहिनीने विचारलं.

होहोने वन्संकडे बघितलं.

"आणि ती घासाघीस करणारी बाई कोण?" वन्संनी विचारलं. "मला म्हणाला, दुसरी पार्टी आहे, बाई आहेत, गोड बोलून किंमत पाडून मागतात."

होहोने वहिनीकडे बघितलं. "मी काय करू?" तो रडकुंडीला आला. "दोघींनी शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून! आज तुम्ही दोघी एकत्र उतरलात, मला वाटलं आता इथेच जुंपणार."

घ्या! आठवडाभर या दोघी एकमेकींच्याच धास्तीने झोपल्या नव्हत्या. वहिनीला हसू फुटलं. पण वन्सं हसल्या नाहीत. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या.

"रिक्षातून जाताना पाटी दिसली होती. वरच्या खोल्या तुला, ही मला, असं ठरवलं होतं मी," त्या म्हणाल्या. "आज तूच इकडे घेऊन आलीस, मला वाटलं, योगायोग. म्हटलं, नेहमीसारखी नावं ठेवता ठेवता तुला आवडतंय का बघावं. तर तू शब्द बोलेनास. मग मला राग आला आणि मी सुटले."

"मग आधी सांगायचंत ना मला!"

"काय सांगायचं? भाचीकडे जाते म्हटलं तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतंय? बरं झालं बाई, सोय झाली. मी जिना उतरेपर्यंत वाट बघितली, वहिनी. एक एक पायरी, या गुडघ्याने. म्हटलं, आता हाक मारेल. एकदा तरी म्हणायचंस, की थांबा."

वहिनी एकदम भडकलीच. "मी कशी म्हणणार? तुम्ही आयुष्यात कुणाचं ऐकलंय? मी थांबा म्हटलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? तुमचा भाऊ गेला तेव्हा तुम्ही मला उठवलंत. आता तुम्ही गेल्यावर मला उठवायला कोण येणार होतं? थांबा! ऐकलंत? म्हटलं मी. थांबा. जाऊ नका कुठे. मला करमायचं नाही तुमच्याशिवाय."

बोलता बोलता ती रडायला लागली. होहो बिचारा कानकोंडा होऊन स्वतःच्या चपलांकडे बघत होता. वन्संनी नाक पुसलं आणि त्याच्यावर खेकसल्या, "तू काय उभा राहिलास? ती ओल कुठून येते ते बघितलंयस कधी? छताचं काय? मालकाला म्हणावं, आधी कुणीतरी जाणकार बघून जाईल, मग बोलू. आणि दोन पार्ट्या वगैरे काही नाहीत. एकच आहे."

"हो हो," तो म्हणाला आणि पळाला.

मग दोघींनी पुन्हा पहिल्यापासून घर बघितलं. हॉलमध्ये शिवणाचं टेबल ठेवायचं की तो मोकळाच ठेवायचा, यावरून लगेच वाजलं. वन्सं म्हणाल्या, इतका देखणा हॉल आणि तू त्यात चिंध्या पसरणार? वहिनी म्हणाली, त्या चिंध्यांवरच माझं पोट भरलं. वाद काही मिटला नाही. चहाची वेळ टळून गेली तरी दोघी आतच होत्या, आणि घराच्या आत उभं राहून कौतुक चाललंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वहिनी टोकाच्या खिडकीशी जाऊन काचा बघत होती, तेव्हा वन्संनी खालच्या खोलीतल्या त्या कट्ट्यावर बसून भाचीला फोन लावला. मोठ्याने बोलायची सवय, त्यात तो हॉल.

"हॅलो... अगं, ते सामानवाल्याला नको म्हणून सांग. येत नाहीये मी... नाही नाही, बरी आहे. गुडघ्याला काय धाड भरलीये... राग कशाला येईल तुझा, वेडी का काय... अगं काय सांगू तुला, तुझी काकू सोडतच नाही मला. काय हट्टी बाई आहे! हात धरून बसलीये इथे, उठू पण देत नाही."

वहिनी खिडकीपासून निघाली. तो लांबलचक हॉल ओलांडून ती आली, कट्ट्यावर वन्संच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात धरला.